अडीचशेची कमला, सातशेची सरिता

श्रीमंत घराच्या दिवाणखान्यात अपराधाचा हिशेब मांडणे ही नाटककारांची जुनी सोय आहे. घर एकच, माणसे मोजकी, आणि उठून जायला जागा नाही. विसाव्या शतकातले याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे जे. बी. प्रीस्टली यांचे ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’. १९४५ साली ते प्रथम सोव्हिएत रशियात झाले आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये. नाटकातला काळ मात्र १९१२चा. बर्लिंग या कारखानदाराच्या घरी मुलीच्या साखरपुड्याची मेजवानी चाललेली असताना इन्स्पेक्टर गूल येतो आणि ईव्हा स्मिथ नावाच्या एका मुलीने जंतुनाशक पिऊन जीव दिल्याचे सांगतो. मग एकेकाची पाळी येते. पगारवाढ मागितली म्हणून बापाने तिला कारखान्यातून काढलेले असते. मुलीने तिची दुकानातली नोकरी घालवलेली असते, होणाऱ्या जावयाने काही महिने तिला ठेवलेले असते, मुलाकडून तिला दिवस गेलेले असतात, आणि आईने आपल्या धर्मादाय समितीच्या दारातून तिला रिकाम्या हाती परत पाठवलेले असते. पाच माणसे, पाच धक्के, आणि खाली पडलेली एक मुलगी. तिची आणि आपली प्रत्यक्ष गाठ कधीच पडत नाही. रंगमंचावर ती येतच नाही.

आपल्या भाषेत याच्या जवळचे नाटक कोणते, असे मला कोणी विचारले तर मी विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’चे नाव घेईन. दोहोंची कथा सारखी नाही, तंत्रही सारखे नाही. पण सुस्थित घर, बाहेरची एक गरीब स्त्री आणि तिच्याबाबतचा दोष कोणाच्या पदरात घालायचा हा प्रश्न, एवढे दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की तेंडुलकरांनी त्या स्त्रीला थेट दिवाणखान्यात आणून बसवले आहे. या फरकाने काय काय बदलते आणि काय बदलायचे राहून जाते, ते मला इथे पाहायचे आहे. ‘कमला’ घडते दिल्लीत, आणि मी गेली बरीच वर्षे दिल्लीच्या कडेला, नोएडात राहते. त्यामुळे हे नाटक मला नुसते वाङ्मय म्हणून वाचता येत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

नाटकामागची घटना सर्वज्ञात आहे. एप्रिल १९८१मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातल्या शिवपुरीकडची एक स्त्री २३०० रुपयांना विकत घेतली आणि ती बातमी आपल्या नावानिशी छापली. बायकांचा बाजार भरतो, त्यात बड्या लोकांचे हात आहेत, हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नव्हता, अशी त्यांची भूमिका होती. वृत्तपत्र हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयातही गेले. तेंडुलकरांनी या घटनेतून एक धागा घेतला आणि बाकीचे घर स्वतः बांधले. म्हणून नाटकातला जयसिंग जाधव हे त्या वार्ताहराचे चित्र समजू नये. जयसिंगची बायको, त्याचा बंगला, त्याची रात्रीची व्हिस्की, हे सगळे तेंडुलकरांचे आहे.

जयसिंग इंग्रजी वृत्तपत्रातला गाजलेला पत्रकार आहे. दक्षिण दिल्लीत नीतिबागेत तो राहतो. ही वसाहत वकिलांची म्हणून ओळखली जाते, आणि तिच्या नावातली ‘नीती’ मराठी कानाला उगाचच टोचते. जयसिंग गर्भश्रीमंत नाही. त्याच्या वरचा खरा धनिक म्हणजे वृत्तपत्राचा मालक सिंघानिया. पण बंगला आहे, स्वयंपाकपाण्याला कमलाबाई आहे, आणि नवऱ्याला आलेला प्रत्येक फोन टिपून ठेवणारी शिकलेली बायको आहे. ती सरिता. या घरात जयसिंग रांचीच्या पलीकडच्या लुहारडग्याच्या बाजारात अडीचशे रुपयांना विकत घेतलेली कमला घेऊन येतो. पत्रकार परिषदेत तिला उभे करून देशाला हादरवून सोडायचे, हा त्याचा बेत. तोवर कोणाला पत्ता लागता कामा नये. तिच्या अंगावरचे फाटके लुगडेही बदलायचे नाही, कारण परिषदेत ती आहे तशीच दिसली पाहिजे.

या लुगड्यापाशी मी दर वेळी थांबते. देशातल्या गुलामगिरीचा पुरावा म्हणून कमलेची गरज आहे, आणि पुरावा धुऊन पुसून मांडत नाहीत. जयसिंगच्या मनात दुष्टपणा नाही. त्याला खरोखरच सरकारला जाब विचारायचा आहे. पण जाब नेहमी बाहेरच्याला विचारायचा असतो, अशी त्याच्या मनाची घडण आहे. मंत्री जबाबदार, पोलीस जबाबदार, समाज जबाबदार. घरात आल्यावर तो बूट काढायलासुद्धा वाकत नाही. प्रीस्टलीचा बर्लिंग म्हणतो की ज्याने त्याने आपापले पाहावे, दुसऱ्याचे ओझे आपण का वाहावे. जयसिंग याच्या अगदी उलट बोलतो. दोघांच्या घरात मात्र एकच व्यवस्था चालते, आणि म्हणूनच मला जयसिंग अधिक भीतिदायक वाटतो. बर्लिंगला निदान उघडे पाडता येते. सामाजिक जबाबदारी हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याच्यावर ठपका ठेवायचा कोणी?

तेंडुलकरांनी इथे कोणी इन्स्पेक्टर आणलेला नाही. टीका करणारे मात्र दोघे आहेत. पहिले काकासाहेब, सरितेचे काका. देशी भाषेत वृत्तपत्र चालवून दमलेले, जुन्या वळणाचे पत्रकार. ते जयसिंगला टोमणे मारतात की तू इंग्रजीत लिहितोस, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहितोस त्यांना ते कळणारच नाही. अनेक भाषांत वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हा टोमणा लागावा असाच आहे. पण सरिता आपली व्यथा घेऊन याच काकासाहेबांकडे येते तेव्हा ते कबूल करतात की आपणही आपल्या बायकोशी असेच वागलो, पुरुष असाच असतो, सोसावे. भाषेचा अन्याय त्यांना दिसतो, घरातला दिसूनही तो त्यांना निसर्गनियम वाटतो. दुसरा जयसिंगचा मित्र जैन. तो सरितेच्या तोंडावर, हसत हसत सांगतो की शोषणाविरुद्ध लढणाऱ्या या वीराने घोड्यावर बसणाऱ्या राजघराण्यातल्या मुलीला घरची वेठबिगार करून टाकले आहे. अक्षर न् अक्षर खरे. पण ते विनोद म्हणून बोलले गेल्यामुळे त्याचे कोणालाच काही करावे लागत नाही. पत्रकार परिषदेहून हे दोघे मित्र पिऊन परततात आणि तिथे कमलेला काय काय घाणेरडे प्रश्न विचारले गेले ते रंगवून सांगतात. सुशिक्षित घरात अपराधभाव सहसा कसा जिरवला जातो, याचा हा नमुना आहे. गोष्ट नाकारायची नाही. ती चटपटीत करून सांगायची, म्हणजे ती मनाला चिकटत नाही.

घर हलते ते यांपैकी कोणाच्याही बोलण्याने नाही. ते हलते कमलेच्या एका चौकशीने. रात्री दोघी एकत्र असताना कमला सरितेला विचारते की मालकाने तुम्हाला कितीला घेतले. तिच्या बोलण्यात आरोप नाही, खोच नाही. बाजारात दोन बायका एकमेकींना भाजीचा भाव विचारतील तितक्या सहजपणे ती विचारते. सरिता थोडी गोंधळते आणि सातशे असे सांगून मोकळी होते. कमलेला हा सौदा महाग वाटतो, त्यातून मूल झालेले नाही म्हणजे तर आणखीच महाग. मग ती आपल्या परीने घराची घडी बसवू लागते. आपण कष्टाची कामे करू, बाईंनी लिहिण्यावाचण्याचे आणि मालकाबरोबर बाहेर जाण्याचे पाहावे, आणि महिन्यातले पंधरा पंधरा दिवस दोघींनी वाटून घ्यावेत.

या आकड्यांकडे नीट पाहावे असे मला वाटते. वृत्तपत्रातल्या स्त्रीची किंमत २३०० होती, तेंडुलकरांनी ती अडीचशेवर आणली. तशी ती आणल्यामुळेच सरितेने मनाने ठरवलेली सातशेची किंमत कमलेच्या डोळ्यांपुढे मोठी ठरते आणि तरीही तिच्या आवाक्यात राहते. दोघींत फरक आहे तो तिपटीहून किंचित कमी. कमलेच्या हिशेबात सरिता ही वेगळ्या जातीची स्त्री नाही, तिच्याच जातीचा महाग माल आहे. तो आकडा सरितेच्या तोंडून प्रथम निघतो तो लहान मुलाची समजूत घालावी तसा. पण निघाल्यावर तो तिला मागे घेता येत नाही. खरा आकडा किती, हे तिला स्वतःलाच शोधावेसे वाटू लागते.

विकल्या जाणाऱ्या बायकांची किंमत मराठी रंगभूमीवर पहिल्यांदा उच्चारली गेली ती काही इथे नव्हे. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’त, १८९९ साली, कांचनभट पैशांसाठी आपली कोवळी मुलगी एका धनाढ्य म्हाताऱ्याला द्यायला निघतो. हा विषय मराठी मनात इतका रुजला की १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखतात, तरी आपल्याकडे पुष्कळांना तो देवलांच्या शारदेचाच वाटतो. पण ‘शारदे’त दोष कोणाचा याबद्दल प्रेक्षकाला शंका नसते. लोभी बाप आणि लंपट म्हातारा या दोघांना हसायचे आणि शारदेसाठी हळहळायचे. शेवटी धर्मपीठाच्या संमतीने गोष्ट मार्गी लागते. म्हणजे इथेही बाहेरून एक अधिकारी येतो आणि निवाडा देतो. घरी परतणारा प्रेक्षक कांचनभट नसतो, ही त्याची सोय.

दुसऱ्या टोकाला महेश एलकुंचवारांचे १९८५चे ‘वाडा चिरेबंदी’ आहे. विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्यात बाप वारला आहे, तेराव्याचा खर्च तोंडावर आहे, अंगणात गंजलेला ट्रॅक्टर उभा आहे. कोणी मुंबईला निघून गेला, कोणाला शिकू दिले नाही, दागिने कोणाकडे राहिले, हे सगळे उगाळले जाते. एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडण्यात या घराची उमर गेली आहे. आणि त्या सगळ्यात धाकटा चंदू निमूटपणे गड्यासारखा राबत असतो. तो घरचाच मुलगा, म्हणून त्याला मजुरी नाही. एलकुंचवारांच्या वाड्यात बाहेरची स्त्री विकत आणावी लागत नाही, घर आपल्याच माणसाला खाते. ‘शारदे’त दोष दोघा खलपुरुषांवर राहतो, ‘वाड्या’त तो घराबाहेर पडत नाही. घर आणि बाजार यांच्यामधला दरवाजा उघडा टाकून दोन्हींचा भाव एकाच तागडीत तोलला तो ‘कमला’ने. तेंडुलकरांच्या या नाटकाचे मोठेपण मला इथे दिसते.

आता माझी तक्रार. प्रीस्टलीच्या नाटकात मुलगी दिसत नाही म्हणून ती सर्वांची होते, आणि त्याच कारणाने कोणाचीच होत नाही. आपण तिच्यासाठी हळहळतो, पण ती बोलली असती तर काय बोलली असती हे इन्स्पेक्टरच्या तोंडूनच कळते. तेंडुलकरांनी तिला बोलायला लावले. पण किती वेळ? परिषद आटोपते, कमला अडचणीची होते, आणि जयसिंग तिची रवानगी आश्रमात करतो. सरिता तिला घरी ठेवून घेण्याच्या बाजूने बोलते, आणि तेव्हाच तिला कळते की या घरात निर्णय घेण्याचा हक्क एकट्या नवऱ्याचा आहे. त्या क्षणापासून नाटक सरितेचे होते. आपणही एक पत्रकार परिषद घ्यावी आणि या स्वातंत्र्याच्या कैवाऱ्याच्या घरात एक गुलाम राहते असे जगाला सांगावे, असे ती काकासाहेबांना म्हणते. तेवढ्यात जयसिंगची नोकरी जाते, कारण मालकावर बड्या लोकांचा दाब आलेला असतो. कोसळलेल्या नवऱ्याला ती सावरते. आपले मुक्त होणे ती रद्द करत नाही, पुढे ढकलते. १८७९ साली इब्सेनची नोरा दार ओढून घराबाहेर पडली होती. सरिता आतच राहते, पण तिला आता दार कुठे आहे ते माहीत झाले आहे. हा शेवट मला खरा वाटतो. मध्यमवर्गीय, उच्चमध्यमवर्गीय बायकांचे बहुतेक निर्णय असेच पुढे ढकलले जातात.

पण कमलेचे काय? जयसिंगने तिला बातमीसाठी वापरले, हे नाटक आपल्याला स्वच्छ दाखवते. सरितेच्या जागृतीसाठी नाटकाने तिला वापरले, हे ते तितके स्वच्छ दाखवत नाही. आश्रमाच्या दारातून ती आत जाते आणि नाटकाच्या बाहेर पडते. तिला परत आणण्याची गोष्ट पुढे येत नाही. मी गुलाम आहे हे सरितेला समजते, आणि ते समजल्याचे दुःख इतके मोठे आहे की त्यात अडीचशेची बाई झाकली जाते. मी हे सरितेला दोष देण्यासाठी म्हणत नाही. एका अन्यायाची ओळख पटली की आपण स्वतःही त्याच रांगेत उभे आहोत असे वाटून दिलासा मिळतो, आणि रांगेत आपल्यापुढे किती लोक आहेत ते मोजायचे राहून जाते. पुढे १९८४ साली जगमोहन मुंध्रांनी यावर ‘कमला’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात शबाना आझमी सरिता होत्या आणि दीप्ती नवल कमला. दोन्ही भूमिकांना तोलाच्या अभिनेत्री असूनही कथेचा ओघ सरितेकडेच जातो. म्हणजे हा नटसंचाचा प्रश्न नाही, तो रचनेत आहे.

आणि कमलाबाई? तेंडुलकरांनी मोलकरणीला हेच नाव दिले ते मला योगायोगाचे वाटत नाही. एकाच घरात दोन कमला. एकीची पावती आहे, दुसरीला महिन्याचा पगार आहे. पहिली कमला घराला काही तासांत हादरवते आणि दुसरी वर्षानुवर्षे त्याच घरात स्वयंपाक करत असते. तिला कोणी विचारत नाही की तुला कितीला ठेवले. प्रेक्षकही विचारत नाही. प्रयोग पाहून घरी परतल्यावर आपल्याला दार उघडते ती बहुधा कमलाबाईच असते.

इथे मला दिल्लीकडे वळावेच लागते, कारण तेंडुलकरांनी केलेला एक बदल काळाने विचित्र रीतीने खरा ठरवला आहे. मूळ घटना शिवपुरीकडची होती. नाटकात बाजार गेला रांचीच्या पलीकडे. नाटकातले लुहारडगा म्हणजे आजचे लोहरदगा. १९८३ साली तो स्वतंत्र जिल्हा झाला आणि २००० साली झारखंडात गेला. आज लोहरदगा, गुमला, सिमडेगा या पट्ट्यातून दिल्ली, गुरुग्राम, नोएडाच्या घरांत कामाला येणाऱ्या आदिवासी मुलींची वाट चांगली मळलेली आहे. मध्ये एजन्सी असते. घरमालक एजन्सीला एकरकमी कमिशन देतो आणि मुलीचा पगार कित्येकदा तिच्या हाती न पडता एजन्सीकडे जातो. दिल्ली सरकारने अशा एजन्सींवर नियंत्रणासाठी २०१४ साली आदेश काढला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार २०११चा आहे. तो संमत होताना भारताने बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. बाहेर अनुकूल मत आणि घरात चालढकल, हे जयसिंगच्या वळणावरच गेले.

एजन्सीला दिलेल्या त्या रकमेला आमच्या इमारतींत कोणी किंमत म्हणत नाही. पण कमला आली असती तर तिने तेच विचारले असते.

माझ्याकडे काम करणारी बाई सिमडेग्याची आहे. हे मला कळायला चार वर्षे लागली. तेही मी विचारले म्हणून नाही, पोलीस पडताळणीचा अर्ज भरायचा होता म्हणून. अर्जात तिचे नाव, गाव, फोटो, ओळखीची माणसे, सगळे भरायचे होते. भरता भरता लक्षात आले की माझ्याबद्दल त्यात पत्त्यापलीकडे काही नाही. मी तिला काय देते, सुट्टी किती देते, ती आजारी पडली तर काय करते, यासाठी एकही रकाना नव्हता. तेव्हा मला प्रीस्टली आठवला. त्याचा इन्स्पेक्टर धनिकाच्या दारात येतो आणि मेलेल्या मुलीच्या वतीने घराची झडती घेतो. आमच्याकडे इन्स्पेक्टर येतो तो मुलीची झडती घ्यायला, आणि ती आम्ही स्वतःच मागवलेली असते. फाटकावर तिची पिशवी तपासतात. जुलै २०१७मध्ये नोएडाच्या एका उच्चभ्रू सोसायटीपुढे घरकामगारांचा जमाव संतापून उभा राहिला आणि दगडफेक झाली, तेव्हा अनेक घरांतली पहिली मागणी या बायकांना आत घेऊ नका ही होती. आपल्यावर आरोप झाला की आपण प्रथम दार लावून घेतो.

तो अर्ज भरून झाल्यावर मी काही मोठे केले असे नाही. पगार वाढवला, महिन्याला चार सुट्ट्या लिहून ठेवल्या, आणि तिचे गाव लक्षात ठेवले. एवढ्याने मी मुक्त झाले असे मला वाटले नाही, आणि वाटले असते तर ते जैनच्या विनोदासारखेच झाले असते. पण अपराधी वाटणे आणि जबाबदारी घेणे यांतला फरक तेव्हा मला हिशेबाच्या वहीत दिसला. अपराधी वाटायला काही लागत नाही. ते वाटून घेता येते, त्याबद्दल लिहिता येते, मी आत्ता लिहिते आहे तसे. जबाबदारीला दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आकडा लागतो.

प्रीस्टलीने आपली आशा तरुणांवर ठेवली. इन्स्पेक्टर खोटा होता असे कळताच बर्लिंग नवरा-बायको सुटकेचा श्वास टाकतात, पण शीला आणि एरिक यांना मागे जाता येत नाही. पुढची पिढी तरी सुधारेल, असा त्यात भरवसा आहे. महायुद्ध संपत आले असताना तो त्याला हवाच होता. जयसिंग-सरितेच्या घरात मूल नाही. कमला ते एका वाक्यात दाखवून देते, आणि मला ते वाक्य सौद्याच्या हिशेबापलीकडचे वाटते. या घरात उद्यावर टाकायला कोणी नाही. जे करायचे ते याच दोघांनी, याच दिवाणखान्यात करायचे आहे.

‘कमला’चा प्रयोग आज दिल्लीत कोणी मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत केला तर माझी एकच विनंती राहील. तेंडुलकरांचा एकही शब्द बदलू नये. फक्त शेवटी जयसिंग कोसळलेला असताना, सरिता त्याचे बूट काढत असताना, स्वयंपाकघराचा दिवा चालू ठेवावा. कमलाबाई तिथेच असणार. तिला ऐकू येत असणार. कमलेने सरितेला विचारले तेच सरितेने तिला जाऊन विचारावे, असे नाटकात नाही आणि घालूही नये. पण ते विचारायचे राहिले आहे, हे प्रेक्षकाला उठताना दिसावे.